पोरगी ‘क्रिमिनल सायकॉलॉजी’ म्हणायली, काय करू?

‘ताई, रामराम. मी मानवतचा. जिनिंगवर हिशोबाचं काम करतो, दोन एकर कापूस आहे. पोरगी परभणीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मानसशास्त्र घेऊन. आमच्या गावातल्या जुन्या खून प्रकरणावर मालिका आली, ती बघितल्यापासून हिनं एकच धोशा लावलाय, क्रिमिनल सायकॉलॉजी करायची. गुन्हेगाराचं डोकं वाचायचं म्हणायली. तिचा मामा संभाजीनगरला असतो. तो म्हणतो फॉरेन्सिक कर, त्यात नोकरी आहे. मला तर फॉरेन्सिक म्हटलं की पोस्टमार्टमच आठवतंय. हे दोन्ही एकच का वेगळं, कोणी नीट सांगंना. एका क्लासवाल्यानं सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स सांगितलाय, “सर्टिफाइड क्रिमिनल प्रोफायलर”, फी 45,000. कापसाचे पैसे हातात आहेत तोवर भरून टाकावे का? आमची मंडळी म्हणायल्यात, असल्या लोकांत बसून लेकराच्या डोक्यावर परिणाम झाला तर?’

भाऊ, रामराम.

आधी पैशाचं सांगते, कारण क्लासवाल्यांची सवलत नेहमी येत्या रविवारपर्यंतच असते. ते 45,000 भरू नका. ‘प्रोफायलर’ म्हणजे गुन्ह्याच्या खुणांवरून गुन्हेगार कसा असेल ते ताडणारा. त्या सर्टिफिकेटला आपल्याकडे कायद्यानं काही वजन नाही. या नावाच्या पदाची जाहिरात मी पोलीस भरतीत किंवा लोकसेवा आयोगाच्या यादीत आजवर पाहिलेली नाही. पैसे बँकेत राहू द्या, वर्ष-दोन वर्षांत ते लागणारच आहेत. कुठे लागतील ते पुढे येईल.

पोस्टमार्टमचं म्हणालात, तो गैरसमज सगळ्यांचाच आहे. ते न्यायवैद्यक, डॉक्टरांचं काम. ‘फॉरेन्सिक’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘फोरम’वरून आला. रोमन शहरांत फोरम म्हणजे मधला चौक. तिथे बाजार भरायचा, पुढारी बोलायचे आणि खटलेही चालायचे. आपली चावडी म्हणा ना. चावडीपुढे जे मांडायचं, ते फॉरेन्सिक. सरकारी मराठीत त्याला ‘न्यायसहायक’ म्हणतात; संभाजीनगर आणि नांदेडच्या प्रयोगशाळांच्या नावात हाच शब्द आहे. सरकारी भाषांतर सहसा घशात अडकतं, हे मात्र छान उतरलंय. न्यायाला साहाय्य करणारं मानसशास्त्र. त्यात प्रेत नसतं, आणि गंमत म्हणजे गुन्हेगारसुद्धा असेलच असं नाही.

गुन्हेगारी मानसशास्त्राला मात्र गुन्हेगार लागतोच. माणूस गुन्ह्याकडे कसा वळला, एकानं केलं ते त्याच घरातल्या दुसऱ्यानं का केलं नाही, सुटून आल्यावर पुन्हा करेल का, हे त्याचे प्रश्न.

नुसत्या व्याख्येनं डोक्यात शिरत नाही, म्हणून आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. समजा, जिंतूर तालुक्यात दोन सख्खे भाऊ आहेत. बांधावरून वीस वर्षांची धुसफूस. एका संध्याकाळी थोरल्यानं धाकट्यावर कोयता चालवला. शेजारच्या वावरातून एकानं ते पाहिलं, दिवस मावळताना, शंभर पावलांवरून. थोरला गेले वर्षभर म्हणत होता की धाकट्यानं माझ्यावर करणी केली, रात्री पत्र्यावर कोणीतरी चालतं. धाकट्याची दोन लेकरं मामानं नेली, आजी म्हणते माझ्याकडे द्या.

‘बांध तर गावात सगळ्यांचाच कोरला जातो, मग याच्याच हातात कोयता का आला?’ हा गुन्हेगारी मानसशास्त्राचा प्रश्न. दारू, बापानं केलेला दुजाभाव, करणीचा संशय, कर्ज, सगळं त्यात येईल. यावर अभ्यासक पाच वर्षं घालवू शकतो, पुस्तक लिहू शकतो, आणि तरी ‘नक्की हेच कारण’ असं त्याला म्हणता येणार नाही.

कोर्टाला पाच वर्षं नसतात. कोर्ट नेमकं विचारतं. कोयता मारला त्या घटकेला, मनाच्या आजारामुळे, आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे याला कळतच नव्हतं का? पूर्वी दंडसंहितेचं कलम 84 होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 22. आणि ते सिद्ध करायचं ओझं आरोपीवर असतं. दुसरं, आज, खटला चालू असताना, आपल्यावर काय आरोप आहे हे त्याला समजतं का, वकिलाशी बोलून आपला बचाव करता येतो का? हा पहिल्यापेक्षा निराळा प्रश्न. त्या दिवशी शुद्धीत असलेला माणूस आज नसेल, उलटही होईल. आज तो बचाव करू शकत नसेल, तर कोर्ट खटला थांबवून त्याला उपचाराला पाठवतं. पुढे, शंभर पावलांवरून मावळतीला पाहणाऱ्याच्या आठवणीवर भिस्त किती ठेवायची? आणि दुसऱ्याच कोर्टात, ती लेकरं कोणाकडे राहिली तर त्यांना झोप लागेल?

हे सगळं न्यायसहायक मानसशास्त्र. यातले शेवटचे दोन प्रश्न गुन्हेगाराबद्दल नाहीतच, साक्षीदार आणि लेकरांबद्दल आहेत. तुमच्या लेकीला वाटतंय त्यापेक्षा हे शेत बरंच मोठं आहे.

आठवणीचं निघालंच आहे तर सांगते. 1974 साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, ‘आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती? फिती त्याच, फक्त क्रियापद बदललं. पहिल्यांनी सरासरी ताशी 34 मैल किंवा त्याहून कमी आकडा सांगितला, दुसऱ्यांनी 40 च्या वर. अशाच दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानं विचारलं, काच फुटलेली पाहिली का? चक्काचूर ऐकलेल्यांतले जास्त जण हो म्हणाले. काच फुटलेलीच नव्हती. आता विचार करा, ठाण्यात बसलेल्या घाबरलेल्या माणसाला ‘त्यानं कोयता कोणत्या हातात धरला होता?’ असं विचारलं, तर कोयता त्याच्या आठवणीत आधीच आलेला असतो.

आता तुमच्या गावाकडे येते. लेकीला नाद तिथूनच लागलाय, म्हणून इथे जरा थांबते.

मानवतचे खून 1972 च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि 1974 च्या जानेवारीपर्यंत चालले. योगायोग असा की अमेरिकेत एफबीआयनं वर्तनशास्त्राचा आपला विभाग काढला तोही 1972 सालीच. ज्या ‘प्रोफायलिंग’चं लेकीला वेड लागलंय, ते तिथे पुढच्या काही वर्षांत वाढलं. तुमच्याकडे तेव्हा प्रोफायलर कोणी आला नव्हता, मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले होते, पोलीस अधिकारी. आता मला सांगा, मानवतमध्ये ‘का’ हा प्रश्न कधी अवघड होता का? गुप्तधन, बळी, अंधश्रद्धा. चहाच्या टपरीवरही सांगतात. पण 1977 साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं, तेव्हा न्यायमूर्तींचा कस लागला तो दुसऱ्याच ठिकाणी. माफीचा साक्षीदार, म्हणजे जो स्वतः त्यात होता आणि आता इतरांविरुद्ध बोलतोय, त्याच्या शब्दावर माणसाला फासावर चढवायचं का? कबुलीजबाब नोंदवताना तो माणूस खरंच मोकळेपणानं बोलत होता का? वकील मंडळी तो निकाल आजही काढतात, तो याच दोन मुद्द्यांसाठी. त्यात काही आरोपी सुटले.

माणूस न केलेल्या गुन्ह्याची कबुली देतो का? देतो. गिस्ली गुडजॉन्सन या मानसशास्त्रज्ञानं 1984 मध्ये त्यासाठी मोजपट्टीच बनवली. माणसाला एक छोटी गोष्ट वाचून दाखवायची आणि 20 प्रश्न विचारायचे, त्यातले 15 मुद्दाम दिशाभूल करणारे. मग कडक आवाजात म्हणायचं, तुमच्या चुका झाल्यात, आता नीट उत्तरं द्या. आणि तेच प्रश्न पुन्हा. काही जण पहिल्या फेरीतच प्रश्नाच्या कलानं जातात, काही जण दरडावल्यावर उत्तरं बदलतात. लेकीला म्हणावं, मालिकेत न दिसलेलं मानवत हे आहे. खुन्याचं डोकं वाचणारे खंडीभर भेटतील, कबुलीजबाब वाचता येणारा विरळा.

कुलकर्ण्यांच्याच हातून गेलेलं आणखी एक प्रकरण दोन्हींतला फरक अगदी उघडा करतं. 1968 मध्ये मुंबईत फुटपाथवर झोपलेल्यांना मारत सुटलेला रमण राघव पकडला गेला. तो का मारत होता हे आजही लोक चघळतात, त्यावर सिनेमे निघतात. कोर्टातली कथा निराळी आहे. पोलीस सर्जननं त्याला निरीक्षणाखाली ठेवून सांगितलं, हा वेडा नाही. खालच्या कोर्टानं फाशी दिली. फाशी कायम करण्याआधी उच्च न्यायालयानं तीन मनोविकारतज्ज्ञ नेमले. ते त्याच्याशी अनेकदा बसले आणि निदान दिलं, जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. अखेर 1987 मध्ये फाशीची जन्मठेप झाली. माणूस एकच. पण ‘हा असा का’ आणि ‘याला फाशी देता येते का’ हे दोन प्रश्न शेवटपर्यंत एकमेकांत मिसळले नाहीत.

अर्थात दोन्हींच्या मध्ये काही भिंत नाही, बांधच आहे, आणि तोही कोरलेला. 1898 मध्ये हान्स ग्रोस या ऑस्ट्रियन दंडाधिकाऱ्यानं ‘गुन्हेगारी मानसशास्त्र’ नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. उघडून पाहावं तर त्यात गुन्हेगारापेक्षा न्यायाधीश आणि साक्षीदार यांचीच डोकी तपासलेली! आज कोणी त्याला न्यायसहायकच म्हणेल. तेव्हा कॉलेजच्या माहितीपत्रकावरच्या नावाला फार भुलू नका, आत काय शिकवतात ते बघा.

प्रोफायलिंगबद्दल माझं मत जरा कडू आहे. एफबीआयच्या मंडळींनी ज्या अभ्यासावर नाव कमावलं, त्यात त्यांनी 36 खुन्यांशी तुरुंगात जाऊन बोलणं केलं. काम मेहनतीचं होतं. पण 36 अमेरिकन पुरुषांवरून पूर्णा-वसमतच्या माणसाचं मन सांगायचं म्हणजे पैठणच्या पाण्यावरून गावच्या आडाची खोली सांगण्यासारखं आहे. आपल्याकडे गुन्हे उलगडतात ते मोबाइलच्या टॉवरवरून, सीसीटीव्हीवरून आणि खबऱ्याकडून. नार्को आणि पॉलिग्राफचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयानं 5 मे 2010 रोजी सांगून टाकलं की माणसाच्या संमतीशिवाय या चाचण्या करता येणार नाहीत, आणि संमतीनं केली तरी तिचा निकाल हाच पुरावा म्हणून चालत नाही.

मी स्वतः या कामात शिरले ते ताब्याच्या खटल्यांमुळे. नवरा-बायको वेगळे होतात, लेकरू कोणाकडे राहावं यावर कोर्टाला मत हवं असतं. पहिल्याच वर्षी मी एक चूक केली, ती अजून सलते. एका आईशी मी सल्लागारासारखी गोडीगुलाबीनं बोलले, ती मोकळी झाली, रडली, आणि म्हणाली, कधीकधी लेकरावर हात उचलते मी. ते मला अहवालात लिहावं लागलं. तारखेला ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘ताई, तुम्ही तर माझ्या होतात ना?’ मी तिची नव्हते, कोर्टाची होते, आणि हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. तेव्हापासून माझं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: मी तुमची डॉक्टर नाही, तुम्ही जे सांगाल ते न्यायाधीशांपुढे जाऊ शकतं, नको वाटेल तिथे थांबा. एवढ्यानं समोरचा आखडतो, काम दुप्पट अवघड होतं. पण ते वाक्य गिळून केलेला अहवाल म्हणजे फसवणूक. उपचार करणारी आणि कोर्टाला मत देणारी व्यक्ती शक्यतो एक नसावी, हा या धंद्याचा पहिला नेम. मालिकेत तो कोणी पाळत नाही.

काम कुठे आहे म्हणाल, तर मामा अर्धे बरोबर आहेत. न्यायसहायक प्रयोगशाळांत मानसशास्त्राची वैज्ञानिक सहायक अशी पदं निघतात, थोडी, आणि रोज नाही. पण खरं काम परभणीत, तुमच्या पायाशी आहे. प्रत्येक जिल्ह्यात बाल न्याय मंडळ असतं. 16 ते 18 वयाच्या पोरानं भयंकर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर 2015 च्या कायद्यानं मंडळाला ठरवावं लागतं की त्या पोराची समज किती होती, परिणाम त्याला कळत होते का. त्यावरून खटला मोठ्यांसारखा चालवायला पाठवायचा की नाही हे ठरतं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मंडळात बालमानसशास्त्र जाणणारा सदस्य नसेल तर अशा जाणकाराची मदत घ्यावीच लागेल. आता मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत असे जाणकार किती आहेत ते तुम्ही मोजा, मला बोटं पुरतात. पोक्सोच्या, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, खटल्यांत लहान लेकरू साक्ष देतं, त्याच्याशी कसं बोलायचं हे येणारी माणसं तर याहून कमी.

लेकीला गुन्हेगाराचंच मन जाणून घ्यायचं असेल, तर तो रस्ता हर्सूलच्या कारागृहाकडे आणि पैठणच्या खुल्या कारागृहाकडे जातो. व्यसन, राग, सुटल्यावरची भीती, घरच्यांनी तोडलेली नाती. टाटा समाजविज्ञान संस्था मुंबईत गुन्हेगारी आणि न्याय या विषयात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी देते, आणि त्यांचा ‘प्रयास’ हा उपक्रम 1990 पासून कैद्यांसोबत काम करतोय. चकचकीत काही नाही त्यात, पण ‘का’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर तिथेच थोडंफार मिळतं.

आणखी एक काम आहे, ते आपल्या भागात कोणी करत नाही याचं मला फार वाईट वाटतं. 1958 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये एडविन श्नाइडमन आणि सहकाऱ्यांनी मृत्यू-तपासणी अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून एक पद्धत बसवली. गेलेल्या माणसाच्या घरच्यांशी, मित्रांशी बोलून, त्याचे शेवटचे दिवस जोडून, हा मृत्यू अपघात होता की आत्महत्या, मन कुठल्या अवस्थेत होतं, हे शोधायचं. त्याला मानसशास्त्रीय शवविच्छेदन म्हणतात. मराठवाड्यात शेतकरी जातो तेव्हा सातबारा तपासतात, कर्जाचा दाखला बघतात, आणि एक लाखासाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवतात. माणसाचं मन कोणत्याच रकान्यात नसतं.

आता रस्ता. बी.ए. नीट पूर्ण होऊ द्या. मग मानसशास्त्रात एम.ए.; नांदेडला किंवा संभाजीनगरला विद्यापीठातच होईल, खर्च झेपणारा आहे. त्यानंतर चिकित्सा मानसशास्त्राचं, म्हणजे क्लिनिकलचं, भारतीय पुनर्वास परिषदेनं मान्य केलेलं प्रशिक्षण. तुमचे कापसाचे पैसे इथे लागतील. त्या परिषदेच्या नोंदवहीत नाव आणि नंबर असल्याशिवाय स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही, आणि कोर्टात वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच विचारतो. या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, म्हणून प्रवेशाच्या वर्षी परिषदेचं संकेतस्थळ स्वतः उघडून मान्यता बघा, क्लासवाल्याला विचारू नका. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे, 2020 च्या कायद्यानं झालेलं, तिथेही या विषयातलं पुढचं शिक्षण मिळतं. संभाजीनगरची शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था चांगली आहे, पण तो मुख्यतः विज्ञानवाल्यांचा रस्ता. मामांनी बहुधा तीच पाहिली असणार.

वहिनींना सांगा, त्यांची भीती खोटी नाही. परिणाम होतो. माझ्यावर झालाय, पोक्सोचं एक प्रकरण झाल्यावर महिनाभर मी शेजारच्या काकांना लेकीशी बोलू दिलं नाही, बिचारे चांगले गृहस्थ. म्हणून या कामात ज्येष्ठ कोणीतरी लागतं, ज्याच्यापुढे आठवड्याला आपलं मन रितं करता येतं. ते नसेल तिथे लेकीला नोकरी धरू देऊ नका. पण ‘असल्या लोकांत’ म्हणाल, तर निम्मा वेळ ती लेकरांत, म्हाताऱ्या आज्यांत आणि फाइलींत बसणार आहे. फाइलींचाच त्रास जास्त.

कोर्स घेण्याआधी एक फुकटची गोष्ट करा. सुट्टीत दोन-तीन दिवस तिला परभणीच्या जिल्हा न्यायालयात नेऊन बसवा. खटले खुल्या कोर्टात चालतात, बंद दाराआडचे सोडले तर कोणीही मागच्या बाकावर बसू शकतं. तारखा पडताना बघू दे, साक्षीदार ‘आठवत नाही’ म्हणताना बघू दे, उलटतपासणी ऐकू दे. बाहेर आल्यावर ती कोणाबद्दल बोलते तेवढं ऐका. पिंजऱ्यातल्याबद्दल बोलली तर एक रस्ता, साक्षीदाराबद्दल बोलली तर दुसरा.

आणि भाऊ, तिला काय हवंय हे सगळं मी तुमच्या तोंडून ऐकलं. ऐकीव गोष्ट कोर्टातही चालत नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या.